अश्वसाहाय्यित उपचार

मानसोपचारतज्ज्ञ व घोड्याचा जाणकार यांच्या संयुक्त देखरेखीखाली, खरारा करणे, दाणावैरण घालणे, दोर धरून मोकळ्या रानात चालविणे अशा सहवासातून शोकाकुल वा भयग्रस्त मनास स्थैर्य देऊ पाहणारी पद्धती. कळपात राहणारा व हिंस्र श्वापदांचे भक्ष्य ठरलेला घोडा माणसाच्या देहबोलीतील ताण तत्काळ ओळखून बिचकतो वा निवांत होतो, आणि त्याचा हा निष्कपट प्रतिसादच उपचाराचा पाया होय. पोलिओग्रस्त लिस हार्टेल या डॅनिश महिलेने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणाचे रौप्यपदक पटकावल्यावर उपचारासाठी घोड्याच्या उपयोगाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

भीमथडी तट्टांच्या व सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या महाराष्ट्रास अश्वविद्या परकी नाही. कोकणपट्टीत मात्र बैलाचेच प्राबल्य. सावंतवाडी तालुक्यातील बांद्यानजीकच्या इन्सुलीसारख्या घाटाच्या, गर्द झाडीच्या गावी निसर्गाची अनुकूलता मुबलक असली, तरी तेथील दीर्घ पर्जन्यकाळी ओलसर पागेत खूर कुजण्याचे भय असल्याने कोरडी, उंच जोत्याची पागा व कुशल मोतद्दार यांची तजवीज आधी करावी लागते. हा उपचार औषधयोजनेस पूरक आहे, पर्याय नव्हे. आणि थकलेल्या जनावरास त्यासाठी राबविणे सर्वथा वर्ज्य आहे.