दंतवैद्यांची तार

१८६४ साल, मे महिन्याची अखेर, लंडन. ब्रिटिश पार्लमेंटच्या काही आजी-माजी सदस्यांच्या दारावर रात्रीच्या वेळी तारवाला पोऱ्या येऊन थडकला. रात्री तार येणं म्हणजे काय, हे तेव्हा कोणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. सरकार गडगडलं असेल, कुठे युद्ध पेटलं असेल, नाहीतर घरातलंच कोणी गेलं असेल. पाकीट फोडलं तर आत मजकूर असा, की हार्ले स्ट्रीटवरचे दंतवैद्य मेसर्स गॅब्रिएल ऑक्टोबरपर्यंत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात भेटतील. बस्स, एवढंच.

त्यातल्या एका गृहस्थांनी ‘द टाइम्स’ला संतापून पत्र लिहिलं. त्याचा आशय असा होता, की या गॅब्रिएल मंडळींशी माझा कधी काडीचाही संबंध आलेला नाही, मग मला तार पाठवून त्रास द्यायचा हक्क यांना दिला कोणी? पत्र छापून आलं. आणि दंतवैद्यांचं नाव ज्यांना तार गेली नव्हती त्यांच्यापर्यंतही फुकटात पोचलं. (वैतागून स्क्रीनशॉट टाकणारे आपण सगळे या गृहस्थांचेच वंशज.)

हा किस्सा नको असलेल्या इलेक्ट्रॉनिक जाहिरातीचा सर्वांत जुना नमुना म्हणून बऱ्याचदा सांगितला जातो. मला त्यात वेगळीच गोष्ट खटकत राहिली. त्या काळी ‘द टाइम्स’चं पहिलं पान बातम्यांचं नसायचंच, ते छोट्या जाहिरातींनी गच्च भरलेलं असायचं. ही प्रथा थेट १९६६ पर्यंत चालली. म्हणजे हे गृहस्थ रोज सकाळी पानभर जाहिराती समोर घेऊन नाश्ता करत असणार, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांचा राग जाहिरातीवर नव्हताच. जी वाट फक्त तातडीच्या निरोपासाठी मोकळी ठेवली होती, त्या वाटेनं दात काढणारा घरात शिरला, याचा तो राग होता.

आपल्याकडे हे समजायला फार लांब जावं लागत नाही. ‘तार आली’ एवढं ऐकूनच घरातल्या बायका रडायला लागायच्या, हे आजीकडून ऐकलं नसेल असं मराठी घर विरळाच. गावात दवंडी पिटली की लोक हातातलं काम टाकून ओट्यावर यायचे. नंतर तंबूतल्या सिनेमाची आणि तमाशाची जाहिरात टांग्यावर कर्णा लावून व्हायची, तेव्हाही यायचे. पण तो टांगा रस्त्यावरून जायचा आणि पुढच्या आळीत निघून जायचा. तो माजघरात येत नसे.

माजघरात आला तो फोन. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे. माझे काका नंबर बघून फोन कापायचे आणि कोपऱ्यावरच्या पीसीओवरून उलट फोन करायचे. मे २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि चैन वाटली. पण त्यातून झालं असं, की फोन उचलायला काही खर्च उरला नाही, म्हणजेच आपल्याला फोन करताना कोणाला संकोच वाटायचं कारणही उरलं नाही. दुपारी झोप लागली रे लागली, की ‘सर, पर्सनल लोन’ सुरू.

लोक गप्प बसले नाहीत, हे आज आपण विसरलो आहोत. दिल्लीतल्या एका ग्राहक महिलेच्या तक्रारीवर २००६ मध्ये तिथल्या राज्य ग्राहक आयोगानं टेलिकॉम कंपनी आणि बँकांना मोठा दंड ठोठावला. पुढे प्रकरण उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असं फिरत राहिलं. २००७ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं ‘डू नॉट कॉल’ नोंदवहीची नियमावली काढली. तिच्यातली मेख सुरुवातीलाच दिसते. नको असेल त्यानं येऊन नाव नोंदवायचं, म्हणजे बाकी सगळ्यांचा होकार धरून चालायचं. दाराला कडी लावणं हे घरमालकाचं काम, आणि कडी दिसली नाही तर आत येणाऱ्याची चूक नाही!

मग २०११ मध्ये नियम कडक करायच्या नादात गंमतच झाली. एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस पाठवता येतील असं ठरलं, थोड्याच दिवसांत ते दोनशे झाले. बिचारे प्रेमात पडलेले कॉलेजकुमार टेलिमार्केटर ठरले. पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं खासगी एसएमएसवरची ती मर्यादा उठवली.

मात्र या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा दिवस आहे ८ मार्च २०२१. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीनं आपलं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवायचा होता. न जुळणारा मेसेज वाटेतच गाळला जाणार होता. ही चाळणी त्या दिवशी खरोखर सुरू झाली आणि देशभर ओटीपी अडकले. पैसे पाठवता येईनात, आधारचं काम होईना, कोविड लसीसाठी नाव नोंदवता येईना. अनेक कंपन्यांनी साचे नीट नोंदवलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी ती चाळणी आठवडाभरासाठी थांबवावी लागली. जाहिरात अडवायला गेलो आणि तातडीचा निरोप अडला, कारण दोघं एकाच वाटेनं येत होते. लंडनच्या त्या रात्रीसारखेच.

स्मार्टफोननं या वाटेला आणखी फाटे फोडले. ॲपलनं २००९ मध्ये ॲप्सना नोटिफिकेशनची सोय दिली. त्यांचा वापर जाहिरातीसाठी करायचा नाही असा नियम होता. तो किती पाळला जायचा हे सगळ्यांना दिसत होतं, आणि २०२० मध्ये वापरणाऱ्याच्या संमतीची अट घालून तो सैल झाला. अँड्रॉइडवर तर ॲपनं नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागावी हा नियम २०२२ मध्ये, तेराव्या आवृत्तीत आला. तोपर्यंत पुन्हा तेच, होकार गृहीत.

फोन स्वस्त मिळण्याचं कारणही इथेच कुठेतरी आहे. २०१८ मध्ये शाओमीच्या ले जुन यांनी जाहीर केलं, की फोनसारख्या वस्तूंवर आम्ही पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही. कंपनीची बाकीची कमाई इंटरनेट सेवांतून, आणि त्यात मोठा वाटा जाहिरातींचा. माझा एक मित्र म्हणतो, सौदा चोख आहे, दोन-चार हजार वाचतात, जाहिरात मी बघतच नाही. मला त्याचं म्हणणं खोटं वाटत नाही. पहिल्या पानावरच्या जाहिरातींसारखं ते आहे, नजर तिथून निसटायला शिकते.

राग येतो तो वेगळ्या वेळी. परवा माझ्या फोनवर ‘आईचा मिस्ड कॉल’ असं काहीतरी झळकलं. छातीत धस्स झालं, कारण तिची तपासणी होती त्या दिवशी. उघडलं तर एका खाण्याच्या ॲपची राजमा-चावलवर सूट. यात गमतीचा भाग आहे हे मलाही कळतं. पण ही गंमत चालते ती आईच्या फोनला मी देत असलेल्या किमतीवर. गॅब्रिएलबुवांनी तरी तारेत स्वतःचंच नाव घातलं होतं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा ‘डार्क पॅटर्न’ची यादी काढून त्यांना मनाई केली. पुन्हा पुन्हा टोकणं त्यात आहे, नकार देणाऱ्याला लाजवणं त्यात आहे.

या सगळ्याचं बिल कोण भरतं, ते मला माझ्या मावसबहिणीमुळे कळलं. ती एका धर्मादाय रुग्णालयात समुपदेशक आहे. पेशंटच्या नातेवाइकांना रक्त आणायला सांगणं, सहीसाठी बोलावणं, कधी वाईट बातमी देणं, हे तिचं काम. ते ती रुग्णालयाच्या फोनवरून करते आणि लोक फोन कापतात. काही उचलून शिव्या देऊन ठेवतात. आधी ‘मी दवाखान्यातून बोलतेय’ असा मेसेज टाकून पाहिला, तर आजकाल तसे मेसेज भामटेही टाकतात. अनोळखी नंबरचं नाव दाखवणारं ट्रूकॉलर अनेकांकडे असतं, आणि ते ॲपही मुख्यतः जाहिरातींवरच चालतं.

आता प्रचाराच्या कॉलसाठी १४० नं सुरू होणारे नंबर आहेत, बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांसाठी १६०० ची मालिका आहे. २०२५ पासून कंपन्यांच्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येतं, ‘पी’ असेल तर जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकार. फोन हातात आहेच, तर इनबॉक्स उघडून बघा. बहिणीच्या रुग्णालयाचा नंबर यातल्या कुठल्याच खणात बसत नाही, तो साधा लँडलाइन आहे. तिनं स्वतःची युक्ती काढली आहे. लागोपाठ तीनदा फोन करायचा. तिसऱ्याला बहुतेक जण उचलतात, ती म्हणते, कारण लोन विकणारा एवढा जीव टाकत नाही.