पडद्याआडील हात

इ. स. १६७५ च्या उन्हाळ्यांत इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईहून जुन्नरास आला. वाट चुकल्यामुळें तो आजच्या आंबेगांव तालुक्यांतील आहुपे घाटानें मोठ्या कष्टानें वर चढला. परततांना मात्र त्याला सोपा नाणेघाट लाभला. जुन्नरच्या मोगल अंमलदाराच्या जनान्यांतील एक स्त्री आजारी होती. पडद्याआडून एक हात पुढें आला. नाडी पाहून फ्रायरनें सांगितलें कीं, हिला कांहीं रोग नाहीं. तो हात धडधाकट दासीचा होता. वैद्याचीच ती परीक्षा होती. मग खरा हात आला, आणि त्याची नाडी क्षीण लागली.

उरःपोकळींतील अर्बुदांचा इतिहास वाचतांना आम्हांस ही गोष्ट आठवते. येथें पडदा बरगड्यांचा आहे. १७६१ मध्यें औएनब्रुगरनें छातीवर बोटांनीं ठोकून आंतील स्थिति ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. १८१६ मध्यें लाएनेकनें नळी लावून ऐकण्यास आरंभ केला. १८९५ मध्यें राँटजेनचे क्ष-किरण आले. छाया दिसूं लागली, पण हात आंत जाईना. कारण छाती उघडतांच बाहेरची हवा शिरे व फुप्फुस मिटून जाई. १९०४ मध्यें साउअरब्रुखनें कमी दाबाची पेटी योजिली; पुढें श्वासनलिकेंतून दाबानें हवा देण्याची अधिक सोयीची रीत रूढ झाली. १९३३ मध्यें अमेरिकेंत ग्रॅहॅमनें कर्करोग झालेलें एक संपूर्ण फुप्फुस काढलें. तो रोगी स्वतः डॉक्टर होता, आणि आपल्या शस्त्रवैद्याच्या मृत्यूनंतरही कांहीं वर्षें जगला. आपल्याकडे परळचें टाटा रुग्णालय १९४१ मध्यें उघडलें.

तथापि दुर्मिळ अर्बुदें अजूनही वैद्याची परीक्षा पाहतात. उरोस्थीमागील थायमस ग्रंथीचें, कण्यालगतच्या मज्जातंतूंचें, फुप्फुसाच्या आवरणाचें, अशीं तीं नाना प्रकारचीं असतात; लक्षणें मात्र खोकला, धाप, छातींतील दुखणें हींच. क्षयाचीही तींच. म्हणून थुंकींत क्षयाचे जंतु नसतां आणि औषधानें छाया हटत नसतां तेंच औषध चालूं ठेवणें म्हणजे दासीचा हात धरून रोग सांगणें होय. त्यांत जाणारे महिने रोग्याचे असतात. आज सीटी यंत्र गांठीची जागा दाखवितें व सुईनें तिचा कण काढून तपासतां येतो. थायमसची गांठ समूळ निघण्याजोगी दिसल्यास कित्येकदां सुई न टोंचतां, तिचें वेष्टण न फोडतां, ती सबंध काढतात.

आहुपे वा नाणेघाटाच्या माथ्यावरील रोग्यास अशा शस्त्रक्रियेसाठीं पुण्यामुंबईची वाट धरावी लागते. ती वाट त्यास वेळेवर दाखविणारा पहिला वैद्य बहुधा गांवचाच असतो. त्याच्यापाशीं मोठीं यंत्रें नसतील. पण हातीं आलेली खूण रोगाशीं जुळत नाहीं, एवढें स्पष्ट सांगण्यास यंत्र लागत नाहीं. फ्रायरपाशीं तरी दुसरें काय होतें?