नाणेघाटाच्या पायथ्याचा कागद

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढणाऱ्या अभ्यासकाची दृष्टी माथ्यावरील लेण्याकडे लागलेली असते. सातवाहन राज्ञी नागनिकेचा प्राकृत भाषेतील ब्राह्मी लेख तेथे आहे. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो विद्वानांच्या नजरेस आणला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचा अभ्यास केला. ब्यूलर यांनी १८८३ साली तो संपादून प्रसिद्ध केला आणि पुढे मिराशींनी त्याची पुन्हा चिकित्सा केली. कोणते यज्ञ झाले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापणे दिली, हे सारे त्यात आकड्यांनिशी कोरलेले आहे. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाचे मोल मोठे. मात्र ज्यांच्या पाठीवरून सोपारा-कल्याणचा माल घाटमाथ्यावर गेला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव तेथे नाही. आम्ही स्वतः अनेक वर्षे विद्यार्थ्यांना तेथे नेले आणि अंक वाचावयास शिकविले. या अनुपस्थितीविषयी फारसे बोललो नाही.

अशाच एका खेपेस पायथ्याच्या वाडीत एका वृद्ध उपासकांकडे आम्ही पाणी प्यावयास थांबलो. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून आमच्या हाती दिला. वनजमिनीचा त्यांचा दावा नामंजूर झाल्याचे ते पत्र होते. आम्ही ते वाचून दाखविल्यावर ते म्हणाले, "सर, दोन हजार वर्षांमागचं तुम्ही वाचता. माझ्या आज्याचं नाव पंचाहत्तर वर्षांमागं कुठं लिहिलेलं असंल, तेवढं सांगा." या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

प्रश्नातील पंचाहत्तर हा आकडा कायद्याचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. एकाच वाडीतील ठाकर कुटुंबाला जो पुरावा पुरतो, तो शेजारच्या बौद्ध कुटुंबाला पुरत नाही. आदिवासींना मिळालेली सवलत न्याय्यच आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु १९३० साली ज्यांना शाळेच्या ओसरीबाहेर बसावे लागत होते, त्यांनी त्या सालचा कागद कोठून आणावा?

याच कायद्याच्या नियमांत विद्यापीठांनी आवर्जून वाचावे असे एक कलम आहे. नियम १३ मध्ये ग्राह्य पुराव्यांची जंत्री दिली आहे. गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल, नकाशे, विहिरी व दफनभूमी यांसारख्या जुन्या खुणा, वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब यांबरोबरच नामांकित संस्थांनी केलेले संशोधनही त्यात आहे. दाव्यासाठी यांपैकी किमान दोन पुरावे लागतात. वडीलधाऱ्यांचा जबाब गावात मिळतो. दुसरा पुरावा बहुधा मुंबईच्या एखाद्या ग्रंथालयात, दफ्तरखान्यात किंवा कोणी न उघडलेल्या प्रबंधात पडून असतो.

राबाचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्यापूर्वी झाडांच्या टहाळ्या, पाला, गवत व शेण यांचे थर पसरून ते जाळावयाचे आणि त्या राखेत भाताचे किंवा नाचणीचे रोप करावयाचे, ही शहापूर-मुरबाडची जुनी रीत. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि टहाळ्या तोडणारा शेतकरी गुन्हेगार ठरू लागला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला, की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताचे वाचकांना येथे स्मरण होईल. माणसांनी भातशेते वाटून घेतली, बांध घातले, त्यानंतर चोरी उद्भवली आणि चोरीमागोमाग दंड आला, असा क्रम त्या सुत्तात आहे. ठाण्याच्या डोंगरांत हा क्रम लोकांनी एका पिढीत अनुभवला.

मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातील इंद्रा मुन्शी (त्या काळी सालदान्हा) यांनी ठाण्याच्या या शेतीपद्धतीवर आणि वनकायद्यांविरुद्धच्या प्रतिकारावर संशोधन केले. राबाविषयीचा त्यांचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. तेव्हा वनहक्क कायदा सोळा वर्षे दूर होता. त्या कायद्याचा विचार करून तो लिहिला गेला नसणार, हे उघड आहे. तरीही टहाळ, चराई, गौण वनोपज यांवर सामूहिक हक्क मागणाऱ्या ग्रामसभेने असे काम दाव्यास जोडावे, इतकी त्याची योग्यता आहे. ते इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात आहे; वाडीपर्यंत ते पोहोचविणे हे कोणाच्याच नेमून दिलेल्या कामात बसत नाही.

१८८२ च्या ठाणे गॅझेटियरची गोष्ट अधिक विलक्षण आहे. कातकऱ्यांविषयी त्यात जे लिहिले आहे ते वाचताना संताप येतो. लिहिणाऱ्याची तुच्छता लपत नाही. आमच्या पूर्वजांविषयीचा मजकूरही गौरवाचा नाही. परंतु ज्या पानावर अवहेलना आहे, त्याच पानावर हे लोक त्या काळी या तालुक्यांत राहत होते याची सरकारी कबुलीही आहे. ते पान फाडून टाकण्यापेक्षा त्याची प्रमाणित नक्कल काढून घ्यावी, या मताला आम्ही आलो आहोत.

कातकऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांच्या कित्येक वाड्या खाजगी जमिनीवर वसलेल्या. मालकाने जमीन विकली की झोपडीखालची भूमी जाते. ठाणे-रायगड भागातील या संकटावर कॅनडातील कार्लटन विद्यापीठाशी संबंधित डॅनियल बकल्स आणि कर्जत तालुक्यात काम केलेले राजीव खेडकर यांनी कातकऱ्यांना बरोबर घेऊन अभ्यास केला. त्यावरील ग्रंथ २०१३ साली आला. ज्यांच्याविषयी संशोधन करावयाचे तेच येथे संशोधनात सहभागी होते.

शहापूरकडे विद्यापीठांनी त्या मानाने कमी पाहिले, असे आमचे मत आहे. वारली उठावामुळे अभ्यासकांची पावले डहाणू-तलासरीकडे वळली. २०१४ साली तो भाग पालघर जिल्ह्यात गेला आणि ठाण्याच्या वाट्याला उरलेले हे दोन तालुके ग्रंथसूचीत अधिकच रोडावले. वस्तुतः तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरणासाठी जेथे भूसंपादन झाले, तेथे कागद झाला. आणि कागदावर नावे असतात.

नावे शोधावयाची तर मोडी यावी लागते. आमच्या उपासकांसाठी आम्ही प्रथम गाव नमुना नंबर १४ मागितला. जातपडताळणीच्या धावपळीमुळे आपल्या समाजात तो कोतवाल बुक या नावाने घरोघरी ठाऊक आहे. एका कचेरीत वही होती, पण ती वाचणारे कोणी नव्हते. "मोडीत आहे, आम्हांला लागत नाही," एवढेच उत्तर मिळाले. ब्राह्मी वाचणाऱ्या आमच्या चार विद्यार्थ्यांपैकी एकीलाच मोडी येत होती, आणि तीही आजोबांकडून शिकलेली. पालीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्त जो काही निधी येईल, त्यातून पालीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सहा महिने मोडी शिकवावी, असे आमचे म्हणणे आहे. सहकाऱ्यांना हे विषयांतर वाटते.

त्या विद्यार्थिनीला तिसऱ्या दिवशी नोंद सापडली. १९२० नंतरच्या एका पावसाळ्यात जन्मलेल्या मुलीची ती नोंद होती. बापाच्या रकान्यात उपासकांच्या आज्याचे नाव होते, जातीच्या रकान्यात जुना शब्द, आणि गावाच्या रकान्यात तीच वाडी. नकलेवर सही-शिक्का होण्यास आणखी दोन आठवडे लागले. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करावयाचा असतो. बावन्नाव्या दिवशी तो दाखल झाला. त्यास वडीलधाऱ्यांचे दोन जबाब, गॅझेटियरचे पान आणि ही नक्कल जोडली आहे. निकाल अद्याप आलेला नाही. पोच उपासकांनी त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे, आणि नकलेची एक प्रत त्यांनी आमच्याकडून वेगळी मागून घेतली. ती मुलगी दोन वर्षांचीही झाली नाही, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. तिचे नाव त्यांना प्रथमच कळत होते.