माप आणि हिशेब

कापड कापण्याला मराठींत ‘बेतणें’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. कात्री चालविण्यापूर्वीं विचार करावा लागतो, हें त्या शब्दांतच आलें. हा विचार कापडापुरता पुरत नाहीं. दुकानाचाही बेत नीट बसवावा लागतो. लंडनमधील ‘हेन्री पूल आणि कंपनी’ या शिंपीदुकानाचा इतिहास याची साक्ष देतो.

या दुकानाचा मूळ पुरुष जेम्स पूल. त्यानें १८०६ सालीं ब्रन्सविक स्क्वेअरजवळ कापडाचें लहानसें दुकान थाटलें. नेपोलियनच्या स्वारीची धास्ती तेव्हां इंग्लंडभर होती आणि स्वयंसैनिकांना आपला गणवेश स्वखर्चानें करावा लागे. जेम्सनें स्वतःचा गणवेश घरींच शिवला. तो एका अधिकाऱ्याच्या नजरेंत भरला आणि मागणीमागून मागणी येऊं लागली, अशी कथा त्या घराण्यांत सांगतात. कापड विकणारा असा शिंपी झाला. १८२८ मध्यें त्यानें आपलें ठाणें ओल्ड बर्लिंग्टन स्ट्रीटवर हलविलें.

१८४६ मध्यें जेम्स वारला व धंदा त्याचा मुलगा हेन्री याच्या हातीं आला. इमारतीची पिछाडी सॅव्हिल रो या गल्लीकडे होती. हेन्रीनें तिकडे भव्य दालन बांधून दुसरें प्रवेशद्वार उघडलें. पुढें ही गल्ली शिंप्यांसाठीं जगभर प्रसिद्ध झाली, त्याचा आरंभ येथें झाला.

येथील काम ‘बिस्पोक’ पद्धतीचें, म्हणजे गिऱ्हाइकानें अगोदर सांगून ठेवलेलें. बेतणारा कारागीर मापें घेतो आणि एकट्या त्या माणसापुरता नमुना जाड कागदावर आंखतो. कच्चे टांके घालून कोट अंगावर चढवून पाहतात, उसवतात, पुन्हां जुळवितात. मगच पक्की शिलाई होते. एका खांद्याचा उतार, पाठीचा किंचित् बांक, सारें त्या कागदावर उतरतें. दुकानाचें खरें भांडवल हे कागद आणि खातेवह्या.

हेन्रीला मात्र गिऱ्हाईक जितकें कळे, तितका हिशेब कळत नसे. सायंकाळीं त्याच्या दालनांत सरदार-उमराव मद्य आणि चिरूट यांच्या आस्वादासाठीं जमत. लंडनमध्यें विजनवासांत असतांना लुई नेपोलियन त्याचें गिऱ्हाईक होता. पुढें सम्राट झाल्यावर त्यानें १८५८ मध्यें या दुकानाला आपल्या दरबारचें मानपत्र दिलें. युवराज एडवर्ड यांच्यासाठीं १८६५ मध्यें शिवलेला आंखूड कोट हा आजच्या डिनर जॅकेटचा पूर्वज मानला जातो. १८६९ मध्यें व्हिक्टोरिया राणीचा राजाश्रयही लाभला. डिझरायली यांच्या १८८० च्या ‘एन्डिमियन’ कादंबरींतील व्हिगो हा शिंपी हेन्रीवरूनच रेखाटलेला आहे.

या थाटाला किंमत होती. थोरांकडे बिलासाठीं तगादा लावणें हें सभ्यपणाला शोभत नाहीं, अशी त्या काळची समजूत. त्यामुळें खातेवहींत मोठमोठीं नांवें होतीं आणि त्यांच्यापुढें थकलेल्या रकमा! साऱ्यांचीं मापें घेणारा हा माणूस आपलें अंथरूण मोजावयास विसरला. १८७६ मध्यें तो वारला तेव्हां दुकान कर्जांत होतें.

तें सांवरलें हेन्रीच्या नात्यांतील भाऊ सॅम्युअल कंडी यानें. त्यानें कटु कर्तव्य पत्करलें व थकबाकी मागावयास आरंभ केला. पुढें त्याचा मुलगा हॉवर्ड याच्या अमदानींत सुमारें ३०० शिंपी आणि १४ बेतणारे कारागीर येथें काम करीत. पॅरिस, व्हिएन्ना व बर्लिन येथेंही शाखा निघाल्या. नवल असें, कीं कंडींनीं दुकानावरील पूल हें नांव बदललें नाहीं. पूल यांची प्रतिष्ठा आणि कंडी यांची काटकसर एका पाटीखालीं नांदूं लागली.

१९६१ मध्यें जुनी इमारत पाडली गेली, आणि दुकानाला कॉर्क स्ट्रीटवर आसरा घ्यावा लागला. भव्य दालन गेलें. खातेवह्या मात्र जपल्या गेल्या. १९८२ मध्यें घराणें सॅव्हिल रोवर, १५ क्रमांकाच्या जागेंत, परतलें. मान मिळविणाऱ्या हेन्रीचें नांव पाटीवर राहिलें. परंतु ती पाटी टिकविली ती बिल मागण्याचा संकोच सोडणाऱ्या सॅम्युअलनें.