सोमल, मोरचूद आणि डेहराडूनचा एक शोध

आजचा एपिसोड लाकडाबद्दल आहे. थांबा, लगेच स्किप करू नका, यात विष आहे. सोमल, म्हणजेच आर्सेनिक.

आधी अडचण काय होती ते बघू. उघड्यावरचं लाकूड दोघं मिळून संपवतात, बुरशी आणि वाळवी. साग किंवा देवदार बराच काळ टिकतो, पण रेल्वेचे स्लीपर आणि तारेचे खांब लाखोंनी लागायला लागले तेव्हा एवढा साग आणायचा कुठून? चीडसारखं स्वस्त लाकूड वापरायचं, तर त्याला औषध पाजणं आलं. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी 1838 मध्येच त्याची रीत काढली होती. लाकूड बंद टाकीत ठेवायचं, आतली हवा खेचून घ्यायची आणि मग दाबाखाली क्रिओसोट आत घुसवायचं. क्रिओसोट म्हणजे डांबरापासून निघणारं काळं, उग्र वासाचं तेल. काम चोख करतं, पण हाताकपड्यांना लागतं आणि त्यावर रंगही नीट बसत नाही.

मग पाण्यात विरघळणारं औषध का नको? मोरचूद बुरशीला मारतो, सोमल वाळवीला मारतो, आणि पाणी तर फुकट! गंमत अशी, की जे पाण्यातून आत जातं ते पावसाच्या पाण्यातून बाहेरही येतं. दोनचार पावसाळे झाले की औषध मातीत आणि लाकूड वाळवीच्या पोटात.

हे कोडं सोडवलं सोंटी कामेसम यांनी. डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, 1933 साली. त्यांनी तांबं आणि आर्सेनिकच्या जोडीला क्रोमियम घातलं. लाकडात शिरल्यावर क्रोमियमचं रूप बदलतं आणि ते बाकीच्या दोघांना लाकडात पक्कं बसवतं. मग ते सहजी धुऊन जात नाहीत. मला विचाराल तर खरी कमाल या तिसऱ्या गड्याची आहे. पुढे सर्वाधिक चाललेल्या मिश्रणात, ऑक्साइडच्या हिशेबात, त्याचाच वाटा सगळ्यात मोठा होता, 47.5 टक्के. औषधाचं नाव पडलं 'अस्कू'. आर्सेनिकची खूण 'एएस', तांब्याची 'सीयू', झालं नाव तयार!

अमेरिकेने हे उचललं. आधी खांब, मग 1970 नंतर घरामागचे डेक, बागेतली बाकं, मुलांचे झोपाळे. हिरवट झाक असलेलं ते लाकूड घरोघरी पोचलं. पण 'सहजी धुऊन जात नाही' म्हणजे 'अजिबात जात नाही' असं नव्हे. थोडं आर्सेनिक झिरपतच होतं, आणि लहान मुलं लाकडाला हात लावून तोच हात तोंडात घालतात. खांबाला कोणी चाटत नाही हो! कामेसम यांच्यासमोर प्रश्न बाहेरच्या लाकडाचा होता, घसरगुंडीचा नव्हता. अखेर तिथल्या कंपन्यांनी 2003 संपताना घरगुती वापरातून हे औषध काढून घेतलं. खांबांसाठी मात्र ते चालू राहिलं.

आता डेकसाठी तांब्यावर आधारलेली, आर्सेनिक नसलेली औषधं वापरतात. त्यांचाही एक ताप आहे. जास्त तांब्यामुळे साधे लोखंडी खिळे लवकर गंजतात, म्हणून गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेसचे घ्यावे लागतात.

आणि अमेरिकेतल्या श्रोत्यांनो, तुमचा डेक 2004 च्या आधीचा असेल तर त्याच्या फळ्या शेकोटीत घालू नका. लाकूड जळतं, आर्सेनिक धुरात आणि राखेत उरतं.