झारखंड पक्षाचा पूर्वेतिहास आणि आपण

रुग्ण समोर बसला की आम्ही होमिओपॅथ आधी त्याचा पूर्वेतिहास विचारतो. आपल्या सीमाचळवळीचा विचार करताना मला दूरच्या एका पक्षाचा पूर्वेतिहास आठवतो.

१९३८ मध्ये छोटानागपुरात आदिवासी महासभा उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिचे नेतृत्व जयपालसिंह मुंडा यांच्याकडे आले. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे हे कर्णधार, ऑक्सफर्डला शिकलेले, पुढे संविधानसभेचे सदस्य. १९५० च्या सुमारास महासभेचा झारखंड पक्ष झाला आणि बिगर-आदिवासींनाही दार उघडे झाले. कोंबडा हे निवडणूक चिन्ह घेऊन १९५२ मध्ये या पक्षाने बिहार विधानसभेत ३२ जागा जिंकल्या आणि तो प्रमुख विरोधी पक्ष ठरला.

मागणी एकच होती, वेगळे राज्य. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये ती नाकारली. त्या भागात आदिवासी बहुसंख्य नाहीत आणि त्यांची भाषाही एक नाही, असे कारण दिले. त्याच अहवालाने बेळगाव कर्नाटकाकडे दिले, हे तुम्हाला सांगायला नकोच. तिथे भाषा अनेक म्हणून नकार. इथे एक भाषा असूनही नकार!

नकारानंतर पक्ष खचत गेला. १९६२ मध्ये जागा २० वर आल्या आणि १९६३ मध्ये जयपालसिंहांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. राज्य मिळाले नाही, पक्षही गेला. १९७० मध्ये ते वारले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी शिबू सोरेन, बिनोद बिहारी महतो आणि ए. के. रॉय यांनी झारखंड मुक्ती मोर्चा काढला. त्यांनी सावकारांनी बळकावलेल्या जमिनीचा आणि कापणीचा प्रश्न हाती धरला, म्हणून माणसे पुन्हा जमली. मोर्चातही फुटी पडल्या. अखेर १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीला, राज्य झाले. बंगाल, ओरिसा, मध्य प्रदेशातले मागितलेले जिल्हे मात्र त्यात आले नाहीत.

आता आपल्याकडे पाहा. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण काळा दिन पाळतो. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ च्या जुलैत आपल्या येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक हटवला गेला, तेव्हा सारे गाव एक होते. तरीही २०१८ आणि २०२३ च्या निवडणुकांत समितीचा एकही आमदार आला नाही.

एका नकाराने चळवळ मरत नाही. आपापसांतल्या फुटीने आणि लोकांच्या रोजच्या प्रश्नांपासून दुरावल्याने ती क्षीण होते. राजहंसगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण एवढे तरी ओळखावे. निदान अचूक असेल तर औषध अजून आपल्याच हाती आहे.