कारंजा लाड : मुक्कामाचे वैभव

ज्यास ना मोठ्या नदीचा काठ लाभला, ना डोंगरी किल्ल्याचा आश्रय, ना एखाद्या राजघराण्याची राजधानी होण्याचा मान, अशा कारंजा लाड या वऱ्हाडी कसब्यात मोगल अमदानीत एवढी संपत्ती कोठून एकवटली, हा प्रश्न अभ्यासकास पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर गावाच्या वेशींनी जपून ठेवले आहे. दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही नावे त्या त्या गावांच्या वाटा सांगतात, आणि चौथी, दिल्ली वेस, थेट पातशाही तख्ताची दिशा दाखविते. भोवतालच्या काळ्या, कसदार जमिनीतील कापूस आणि दूरदेशीचा व्यापारी माल यांची येथे गाठ पडे. आणि जेथे माल उतरतो, तोलला जातो, हुंडी वटते व रात्रीचा मुक्काम पडतो, तेथेच पेढ्या वाढतात.

सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, डिसेंबर 1670 मध्ये, मराठी फौजा या पेठेवर येऊन धडकल्या. सोने, रुपे व तलम वस्त्रे मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज 4,000 बैलांवर व गाढवांवर लादून नेण्यात आला, असे जदुनाथ सरकार नमूद करतात. धनिकांना खंडणीसाठी धरून नेले. सर्वांत बडा सावकार तेवढा स्त्रीवेष घेऊन निसटला. आसपासच्या गावांनी चौथाई देण्याचे कतबे लिहून दिले. आकड्यांत अतिशयोक्ती असेलही. परंतु सुरतेनंतर ज्या गावाकडे नजर वळावी, त्याची श्रीमंती काय असेल, हे निराळे सांगावयास नको.

मला मात्र अधिक मोलाचे वाटते ते लुटीतून व काळाच्या फेऱ्यातून वाचलेले धन. येथील जैन व्यापाऱ्यांनी आपल्या मिळकतीचा वाटा मंदिरांत आणि ग्रंथभांडारांत ओतला. काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरेच्या मंदिरातील लाकडी कोरीव काम त्याची साक्ष देते. सेनगण व बलात्कारगण या दिगंबरांच्याच अन्य परंपरांच्या मंदिरांतील पोथ्यांनी तर अपभ्रंश भाषेतील एका विस्मृत वाङ्मयाचे दालन उघडून दिले. रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची 1926 साली प्रसिद्ध झाली, तिने या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. आणि दहाव्या शतकात मान्यखेटी राहिलेल्या पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादून 1931 साली कारंजा जैन ग्रंथमालेत छापले. सावकाराच्या वाड्याची बखळ होते, वह्या वाळवी खाते, पण पोथी टिकली, हा या नगराचा खरा मान होय.

इंग्रजी अमदानीत कापसानेच दुसरा उत्कर्ष आणला. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची लोहवाट विसाव्या शतकाच्या आरंभी कारंज्यावरून गेली. गठाणी मूर्तिजापुरास मोठ्या गाडीत चढत व मुंबईच्या बंदरास जात. लोकांनी पुढे ‘शकुंतला’ म्हणून जिला आपलेसे केले, त्या गाडीचे वाफेचे इंजिन 1994 साली निवृत्त झाले आणि अलीकडे गाडीही थांबली.

1 जुलै 1998 रोजी कारंजा अकोल्याकडून नव्या वाशीम जिल्ह्यात आले, आणि डिसेंबर 2022 पासून समृद्धी महामार्ग त्याच्या शिवारातून धावू लागला. रहदारी पुन्हा आली खरी, परंतु ती येथे थांबत नाही. तेव्हा राज्यकर्त्यांनी शकुंतलेची लोहवाट रुंद करून पुन्हा सुरू करावी, या भागातील कापसावर आणि सोयाबीनवर येथेच प्रक्रिया होईल अशी तजवीज करावी, आणि त्या पोथ्यांच्या जतनाचा भार एकट्या देवस्थानांवर टाकू नये.